चिमटा एकाच्याच हाती

एकदा एक हयात गृहस्थ स्वतःच्या निधनाची चौकशी करण्यासाठी एका छापखान्यात आले.

सकाळचे दहा वाजले होते. गृहस्थांचे वय ब्याऐंशी, धोतर पांढरेशुभ्र, एका हातात काठी आणि काखेत लग्नपत्रिकांचा गठ्ठा. छापखान्याचे मालक सोपानशेठ यांनी उठून खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. गृहस्थांनी चहा नको म्हटले, गठ्ठ्यातली एक पत्रिका काढून टेबलावर ठेवली आणि अगदी शांतपणे विचारले, “मी नेमका कधी गेलो, तेवढं सांगता का? तेरावं कुणी घातलं, तेही कळलं तर बरं होईल.”

शेठने पत्रिका डोळ्यांजवळ नेली. गणपतीच्या चित्राखाली, वेलबुट्टीच्या मधोमध, ठसठशीत अक्षरांत छापले होते : ‘कृपाशीर्वाद : कै. बापूसाहेब भोईटे’. आणि बापूसाहेब भोईटे तर समोर बसून उपरण्याने घाम टिपत होते.

प्रकार असा होता. बापूसाहेबांचे कागदोपत्री नाव कैलास बाबाजी भोईटे. शेजारच्या गावात तीस वर्षे हेडमास्तर होते आणि सही करीत ‘कै. बा. भोईटे’. ही आद्याक्षरे शुभ दिसत नाहीत, असे त्यांना अनेकांनी सांगून पाहिले होते. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, की मी आहे तोवर पुढे ‘श्री.’ लावा, म्हणजे घोटाळा होणार नाही. नातीच्या पत्रिकेचा मजकूर त्यांनी स्वहस्ते लिहून दिला होता. त्यात विनीत म्हणून सर्वांत पहिले नाव होते : ‘श्री. कै. बा. भोईटे’. छापून आली तेव्हा ‘श्री.’ गेला होता, ‘बा.’चे बापूसाहेब झाले होते आणि निमंत्रण देणारा माणूस पत्रिकेच्या तळातून उठून वर, स्वर्गस्थांच्या जागी जाऊन बसला होता.

शेठने हात जोडले. दोन दिवसांत नव्या पत्रिका घरपोच देतो म्हणाले. बापूसाहेबांनी ते मान्य केले. त्यांची अट वेगळीच होती.

“पत्रिका तुम्ही द्यालच. पण ज्यानं माझा ‘श्री.’ काढून घेतला, त्यानं त्या घेऊन स्वतः माझ्यासमोर यावं. मी शिव्या देणार नाही. वर्गात खोडी कुणी केली हे कळल्याशिवाय मी कधी पुढचा धडा घेतला नाही, एवढंच.”

ते काठी टेकीत निघून गेले.

आता या छापखान्याची रीत सांगायला हवी. सोपानशेठ शाळेत फार शिकलेले नव्हते; पण धंदा त्यांनी शून्यातून उभा केला होता आणि माणसे जोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ऑफिसात पाच संगणक : एक गिऱ्हाइकांची कामे घेणाऱ्या वामनकडे, एक अक्षरजुळणी करणाऱ्या दस्तगीरकडे, एक सजावट करणाऱ्या प्रणोतीकडे, एक प्रूफे वाचणाऱ्या कुमुदबाईंकडे आणि एक खुद्द शेठकडे. पाचही संगणक वायरीने एकमेकांना जोडलेले. जोडणी करायला आलेल्या कारागिराने तेव्हा विचारले होते, की कोणाला काय फक्त पाहता यावे आणि कोणाला काय बदलता यावे, ते सांगा, म्हणजे तसे करून ठेवतो. शेठ दिलदारपणे हसले होते. “आमच्याकडे परकं कोण आहे? सगळं सगळ्यांना देऊन टाका.” कारागिराचे काम पाच मिनिटांत संपले. सगळी कामे एकाच फोल्डरमध्ये जमा होऊ लागली आणि शेठने त्या फोल्डरला मोठ्या अभिमानाने नाव दिले ‘सर्वांचे’. पाचही संगणक उघडायला एकच नाव, ‘छापखाना’, आणि एकच पासवर्ड. तो विसरू नये म्हणून पाण्याच्या माठामागच्या भिंतीवर चिकटवलेला. पुढे खर्च वाचवण्यासाठी कागदावर प्रूफ काढणेही बंद झाले. पडद्यावरच वाचायचे, पडद्यावरच सुधारायचे, तिथूनच छपाईला पाठवायचे.

व्यवस्था इतकी सुटसुटीत होती, की दोन वर्षे तिच्यात काही उणे आहे असे कोणाला वाटले नाही.

शेठने सर्वांना बोलावून विचारले, हे कोणी बिघडवले? जो तो म्हणाला, मी काही बिघडवले नाही. दस्तगीरने फाइल तपासून पाहिली. तिच्यात शेवटचा बदल कोणी केला, याची नोंद संगणकाने इमानाने ठेवली होती : ‘छापखाना’. त्याआधीचा बदल कोणाचा? तोही ‘छापखाना’चाच. म्हणजे संगणक खोटे बोलत नव्हता. त्याला पाच माणसांची एकच ओळख करून दिली होती, तो बिचारा काय करणार?

मग शेठची नजर आपोआप कुमुदबाईंकडे वळली. कुमुदबाई एकतीस वर्षे प्रूफे वाचत होत्या. त्यांच्या लाल पेनाखालून ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला सुटत नसे. परंतु चूक पकडणे ज्याचे काम, चूक निसटली की ती त्याचीच, असा हिशेब रागाच्या भरात फार सरळ वाटतो. वय झाले की नजर दगा देते, असे शेठ बोलून गेले. सगळ्यांसमोर बोलले.

कुमुदबाईंनी आवाज चढवला नाही. “शेठ, मी वाचलं तेव्हा ‘श्री.’ होता. मला ते ‘कै.’ खटकलं म्हणून मी स्वतः भोईट्यांना फोन केला. कै. म्हणजे कैलास, आहे तसंच ठेवा, असं ते म्हणाले. मी तसंच ठेवलं. आता माझ्याकडे दाखवायला काही नाही. पण होता.”

एवढे बोलून त्यांनी लाल पेनाला टोपण लावले, ते शेठच्या टेबलावर ठेवले आणि परवा भोईट्यांकडे आपण स्वतः जाऊ, त्यानंतर मात्र कामावर येणार नाही, असे सांगून त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. न केलेली चूक अंगावर घेऊन जाणारे माणूस जितके ताठ बसते, तितक्याच ताठ.

शेठला जेवण गेले नाही. बाईंवर विश्वास ठेवावा, तर उरलेल्या तिघांपैकी कोणावर तरी आळ येतो. न ठेवावा, तर एकतीस वर्षांचे काय करायचे? दुपारी ते उठले आणि दोन गल्ल्या ओलांडून जिवाजीमास्तरांकडे गेले.

जिवाजीमास्तर जुन्या काळचे जुळारी. शिशाचे एकेक अक्षर, म्हणजे खिळा, वेचून ओळी जुळवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि सोपानशेठला हा धंदा त्यांनीच शिकवला होता. संगणक त्यांना कळत नसे आणि कळतो असे ते भासवतही नसत. खिशात मात्र अजून जुना पितळी चिमटा असे, खिळा उचलण्याचा. हल्ली त्याने ते बोटातली कुसळे काढीत. सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, “भोईट्यांच्या हातचा मूळ कागद आहे का?” वामनने तो जपून ठेवला आहे असे कळताच त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या.

छापखान्यात येऊन मास्तरांनी कोणाचीही उलटतपासणी केली नाही. दस्तगीरला त्यांनी मूळ कागदाबरहुकूम मजकूर पुन्हा जुळवायला सांगितला आणि त्याची एकच प्रत कागदावर काढायला लावली. चहूबाजूंनी चार बोटे समास सोडून. मग ते सर्वांच्या मधोमध स्टूल घेऊन बसले.

“मी म्हातारा माणूस, मला हे नवीन तंत्र समजत नाही. सकाळी काय घडलं त्याच्याशीही माझं काही काम नाही. हा मजकूर पहिल्यांदा तुमच्या नजरेला पडला, तेव्हा त्यात काय सुधारायला हवं असं तुम्हाला वाटलं, तेवढंच समासात लिहा. ओळीला हात लावू नका. आणि पुढे आपलं नाव घाला.”

शेठ मनात खट्टू झाले. चूक करणारा शोधायचा सोडून मास्तर शुद्धलेखनाचा वर्ग काय भरवतात, हे त्यांना उमगेना. लिहिताना कोणी अडखळेल आणि चोर सापडेल, असा बेत असावा, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली.

कागद प्रथम वामनकडे गेला. त्याला फार विचार करावा लागला नाही. ‘श्री.’ आणि ‘कै.’ एका नावामागे एकत्र येऊ शकत नाहीत, हे त्याला आठवीतच शिकवले होते. त्याने समासात लिहिले, ‘श्री. काढावा. वामन.’ आणि वर म्हणालाही, “मास्तर, विनीतांमधला हा ‘श्री.’ तर मी तेव्हाच काढला होता. सकाळी शेठनी बिघडवलं कोणी असं विचारलं; मी तर सुधारलं होतं. एवढी ढोबळ चूक बाईंच्या नजरेतून कशी सुटली, म्हणून मला नवल वाटलं. म्हटलं, बाईंना कशाला बोल लावून घ्या, आपणच गुपचूप काढू.”

प्रणोतीने कागद घेतला. वरच्या भागात ‘कै. बा. भोईटे’ एवढे तोकडे नाव वेलबुट्टीत शोभत नव्हते, असे ती म्हणाली. म्हणून तिने त्याच घरच्या मागच्या वर्षीच्या वास्तुशांतीची पत्रिका उघडून पूर्ण नाव शोधले होते. तिने लिहिले, ‘बा. ऐवजी बापूसाहेब. प्रणोती.’ लिहिता लिहिता तिचा हात थबकला. सकाळपासून ऐकलेला शब्द आपल्याच अक्षरांत समोर उमटला होता.

दस्तगीरने तिच्या हातातून कागद हळूच घेतला. वाडवडिलांचे नाव बारीक अक्षरात बरे दिसत नाही, म्हणून त्याने ते छपाईला पाठवता पाठवता ठळक केले होते. त्याने खालच्या मानेने लिहिले, ‘अक्षर ठळक. दस्तगीर.’

कुमुदबाईंनी लिहिले, ‘फोनवर खात्री केली. जसे आहे तसे. कुमुद.’

कागद मास्तरांकडे परत आला. शेठने तो त्यांच्या खांद्यावरून वाचला आणि त्यांचे कान तापले. बिघडवणारा एकही सापडला नव्हता. सुधारणारे तीन सापडले होते. तिघेही त्यांनी स्वतः निवडलेली, चांगली, मन लावून काम करणारी माणसे. तरी हिशेब पुरा जुळत नव्हता. वामनने ‘श्री.’ काढला तेव्हा नाव तळाशीच होते. प्रणोतीने पाहिले तेव्हा ते वर गेलेले होते. मधल्या मधे ते नाव उचलून वर नेले कोणी?

मास्तरांनी मान वळवली. त्यांनी कागद शेठसमोर धरला आणि दुसऱ्या हाताने पेन पुढे केले.

तेव्हा शेठना आठवले. त्या दिवशी कागदाच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलता बोलता, रिकाम्या हाताला चाळा म्हणून, त्यांनी ‘सर्वांचे’ उघडले होते. विनीतांच्या यादीत एका ‘कै.’ला पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली होती. गेलेला माणूस निमंत्रण कसा देईल? आणि तसेच फोनवर बोलत राहून त्यांनी ते नाव उचलून आशीर्वादाच्या जागी नेऊन ठेवले होते. नंतर ते जेवायला गेले आणि साफ विसरले. आपल्या हुशारीची एखादी चुणूक माणूस जितक्या सहज विसरतो, तितके तो दुसऱ्याचे पाप विसरत नाही.

त्यांनी पेन घेतले आणि लिहिले, ‘दुरूस्ती : नाव वर घ्यावे. सोपान.’

त्यांनी पेन खाली ठेवले. मग शेठच म्हणाले, की मास्तर, मी या सगळ्यांना घरच्यासारखे वागवले. आता काय एकेकाच्या तोंडावर कुलपे घालू? त्यांना वाटेल, शेठचा आपल्यावर विश्वास उरला नाही.

मास्तरांनी खिशातून पितळी चिमटा काढून टेबलावर ठेवला.

“सोपान, आपला खिळ्यांचा छापखाना होता तेव्हा प्रूफ कोण कोण वाचायचं? गिऱ्हाईक वाचायचं, मालक वाचायचा, मशीनवालासुद्धा उभ्याउभ्या वाचायचा. कुणाला मनाई नव्हती. पण प्रत्येकानं लिहायचं ते समासात. खिळ्यांना हात फक्त जुळाऱ्याचा, कारण चिमटा एकच होता. एकदा एक पुढारी गृहस्थ आत शिरले आणि जुळवलेल्या ओळीत त्यांनी स्वतःच्या बोटांनी एक अक्षर उलटवून ठेवलं. खिळे उलटे वाचायचे असतात, हे त्यांना माहीत नव्हतं. सुलटं होतं ते त्यांनी उलटं केलं आणि सुधारलं म्हणून खुशीत घरी गेले. माणूस लबाड नव्हता, उत्साही होता.

“तू पाच जणांना पाच चिमटे दिलेस आणि समास मात्र कापून टाकलास. विश्वासाचं म्हणशील, तर अविश्वास तू आज सकाळीच केलास, तोही एकतीस वर्षं जुन्या माणसावर. दार सताड उघडं होतं, आत कोण आलं गेलं याला साक्ष नव्हती, म्हणूनच तुला तो करता आला. बाईंचं लिहिणं बाईंच्या नावावर राहिलं असतं, तर तुझी जीभ उचलली असती का? पाहायला दहा डोळे ठेव. बदलायला एक हात ठेव. आणि तो हात कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असू दे.”

दस्तगीरने मान वर केली. तो म्हणाला, मास्तर, हे तर संगणकात जमते. पाहण्याची परवानगी वेगळी देता येते, लिहिण्याची वेगळी. मास्तर म्हणाले, असेल, शहाण्या माणसांनीच केला असणार तो.

संध्याकाळपर्यंत ‘सर्वांचे’ नावाचे फोल्डर इतिहासजमा झाले. माठामागचा पासवर्ड फाडून टाकण्यात आला आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पासवर्डने संगणक उघडण्याची सोय झाली. ‘जुळणी’ या फोल्डरमध्ये डोकावायला सगळ्यांना मुभा. बदल मात्र दस्तगीरच करणार. प्रणोतीची वेलबुट्टीसुद्धा तोच त्यात बसवणार. ‘समास’ या फोल्डरमध्ये ज्याला जे सुचेल ते त्याने खुशाल लिहावे, खाली नाव आपोआप उमटेल. आणि कुमुदबाईंनी पसंत केलेला मजकूर त्या स्वतः ‘छपाई’त ठेवतील; तिथे गेल्यावर त्याला दस्तगीरचाही हात लागणार नाही. मशीनवाला तिथून घेईल आणि छापील. दस्तगीर रजेवर गेला तर काय, अशी व्यवहारी शंका शेठने काढली. मास्तर म्हणाले, त्या दिवसापुरता चिमटा सर्वांसमक्ष प्रणोतीच्या हाती द्या, आणि तो परतला की सर्वांसमक्ष परत घ्या.

शेवटी दस्तगीर शेठच्या संगणकापाशी आला आणि घुटमळला. “शेठ, तुमच्या नावाला काय काय द्यायचं?”

शेठने मास्तरांकडे पाहिले. मास्तर चिमट्याने बोटातले काहीतरी काढण्यात गढून गेले होते.

“पाहणं,” शेठ म्हणाले. “आणि समास.”

मग त्यांनी आपल्या टेबलावरचे लाल पेन उचलले, कुमुदबाईंच्या टेबलापाशी गेले आणि सकाळी जितक्या मोठ्याने बोलले होते तितक्याच मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “बाई, माझं चुकलं. तुमची नजर ठीक आहे. माझीच वाईट.” बाईंनी पेनाचे टोपण काढून ते कागदाच्या कोपऱ्यावर चालवून पाहिले. चालत होते. त्या कामाला लागल्या.

तिसऱ्या दिवशी नव्या पत्रिका घेऊन सोपानशेठ एकटेच भोईट्यांच्या घरी गेले आणि बापूसाहेबांसमोर उभे राहिले. बापूसाहेबांनी त्यांना बसा म्हटले नाही, हेडमास्तर होते. कोणी केले, असे त्यांनी विचारले.

“मी,” शेठ म्हणाले. “तसे चौघे आहोत. पण दार सताड उघडं ठेवलं ते मी.” आणि त्यांनी समासात पाच नावे असलेला तो कागद पुढे केला.

बापूसाहेबांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला. वामनच्या ओळीपाशी ते किंचित हसले. शेठच्या ओळीपाशी थांबले, पेन मागून घेतले आणि समासातच, ओळीला न शिवता, लिहिले : ‘दुरुस्तीतला रु ऱ्हस्व.’ खाली सही केली ‘कै. बा. भोईटे’ आणि सहीपुढे एक शब्द वाढवला, ‘हयात’. मग म्हणाले, “बसा. चहा घ्या आता.”

त्यानंतर महिनाभराने सोपानशेठ आपल्या जागेवर बसून एका मुंजीची पत्रिका पाहत होते. तिच्यात त्यांना एक चूक दिसली. हात सवयीने पुढे गेला, पण अक्षर हलेना. पाहण्याची परवानगी आहे, बदलण्याची नाही, असे पडद्याने त्यांना अदबीने कळवले. तेव्हा त्यांनी ‘समास’ उघडून आपली शंका लिहिली. थोड्या वेळाने तिच्याखाली कुमुदबाईंच्या नावाने उत्तर उमटले : ‘पाहिले. मूळ आहे तेच बरोबर आहे.’

शेठने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुढची पत्रिका उघडली. पाहण्यापुरती.